पाळी मोजली, अंडं मोजलं, मूल कधी मोजलं?

मंडळी, या विकांताचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. किल्ला नाही, जुनं रेल्वे इंजिन नाही, कुठल्या प्रोग्रॅमिंग भाषेची जन्मकथाही नाही. विषय आहे पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. ऑफिसातल्या दहा-बारा जणींचा डबा खाणारा गट डोळ्यांसमोर आणा, त्यात एक तरी सापडेलच. मूल होण्याच्या वयातल्या साधारण दर दहा बायकांमागे एकीला हे असतं असं धरतात (निकष कुठले लावता त्यावर आकडा वरखाली होतो). मलाही आहे. पण हा लेख माझ्या तब्येतीबद्दल नाही, इतिहासाबद्दल आहे, आणि इतिहासातल्याही एकाच धाग्याबद्दल. पीसीओएस असलेल्या बाईला मूल हवं असेल तर डॉक्टरांनी गेल्या नव्वद वर्षांत काय काय केलं, आणि केलेलं 'चाललं' हे कशावरून ठरवलं?

यातला दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. सर्व्हर चालू आहे हे मोजणं वेगळं आणि गिऱ्हाइकाचं काम झालं हे मोजणं वेगळं. डॅशबोर्डवर सगळे दिवे हिरवे आणि फोनवर गिऱ्हाईक ओरडतंय, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आधी थोडी यंत्रणा समजून घेऊ, त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते. त्याने बीजांडकोशातली काही फॉलिकल्स वाढायला लागतात. फॉलिकल म्हणजे आत अंडं असलेली पाण्याची बारीक पिशवी. वाढणारी फॉलिकल्स इस्ट्रोजेन सोडतात, ते रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं, मेंदू म्हणतो 'बास, मिळालं', आणि एफएसएच कमी करतो. कमी झालेल्या एफएसएचवर सगळ्यात पुढे गेलेलं एकच फॉलिकल तग धरतं, बाकीची सुकून जातात. ते एक अठरा-वीस मिलिमीटरचं झालं की पिट्युटरी एलएच नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचा लोंढा सोडते आणि अंडं बाहेर पडतं. सरळसरळ फीडबॅक लूप आहे, कुठल्याही कंट्रोल सिस्टीमच्या पुस्तकात शोभेल असा.

पीसीओएसमध्ये हा लूप अडकतो. एलएच पुष्कळदा कायमच चढलेलं असतं, बीजांडकोश पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतो, रक्तात इन्सुलिन जास्त असेल तर ते त्यात आणखी तेल ओततं, आणि फॉलिकल्स काही मिलिमीटरपर्यंत येऊन थांबतात. कुणीच पुढे जात नाही. सोनोग्राफीत ती बीजांडकोशाच्या कडेने ओळीने बसलेली दिसतात, म्हणून रेडिऑलॉजिस्ट लोक त्याला 'मोत्यांची माळ' म्हणतात. (नाव छान आहे. घालून मिरवता मात्र येत नाही.) म्हणजे ज्यांना आपण 'सिस्ट' किंवा 'पाण्याच्या गाठी' म्हणतो त्या गाठी नाहीतच. मध्येच अडकलेली फॉलिकल्स आहेत ती. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनेही सांगितलं की हे नाव दिशाभूल करणारं आहे, ते बदला. गाठ म्हटलं की आईला कॅन्सर आठवतो आणि सासूला ऑपरेशन. त्यातलं काहीच नसतं.

मग 'सिस्ट' हे नाव आलं कुठून? त्यासाठी शिकागोला जायला हवं.

तसं वर्णन त्याच्याही आधीचं आहे. इटलीतल्या पाडुआ विद्यापीठातल्या अँटोनिओ वॅलिस्नेरी या प्राध्यापकाने १७२१ साली एका लग्न झालेल्या, जराशा जाड, मूल नसलेल्या शेतकरी तरुणीबद्दल लिहून ठेवलंय. तिचे बीजांडकोश मोठे, खडबडीत, पांढरट, कबुतराच्या अंड्यांसारखे चकचकीत होते. पुढे दोनशे वर्षांनी, १९२१ साली, पॅरिसमध्ये अशार आणि तिएर या दोघांनी 'दाढीवाल्या बायकांचा मधुमेह' अशा नावाखाली अंगावरचे केस आणि साखर यांची सांगड घातली. दोन्ही निरीक्षणं अचूक होती. पण या दोन गोष्टी एकाच रोगाच्या असू शकतात हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पुढची साठ वर्षं फारसं येणारही नव्हतं.

१९३५ साली शिकागोच्या मायकेल रीस हॉस्पिटलमधल्या आयर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी सात बायकांवर एक निबंध छापला. सातच. पाळी येत नाही, मूल होत नाही, काहींच्या अंगावर केस जास्त, आणि बीजांडकोश मोठे. आता १९३५ साली सोनोग्राफी नाही, मग पोट न उघडता बीजांडकोश मोठे आहेत हे कळणार कसं? स्टाइनची युक्ती अशी की पोटात सुईने वायू भरायचा आणि मग एक्स-रे काढायचा. वायूमुळे अवयव एकमेकांपासून सुटे होतात आणि त्यांची सावली दिसते. त्या बायकांनी काय सोसलं असेल ते सोसलं असेल.

उपचार त्यांना ठरवून सापडला नाही. तपासणीसाठी काही जणींच्या बीजांडकोशाचा तुकडा काढला होता आणि नंतर त्यांची बंद पडलेली पाळी सुरू झाली. स्टाइनच्या हे लक्षात आलं. मग त्याने तुकड्याऐवजी मोठी फोडच काढायला सुरुवात केली, कलिंगडाची काढतात तशी. प्रत्येक बीजांडकोशाचा अर्ध्यापासून पाऊण भाग. त्याची समजूत अशी होती की वरचं साल जाड झालंय आणि आतल्या गाठींची गर्दी झाली आहे, म्हणून अंड्याला वाट मिळत नाही. जागा करून दिली की ते येईल. समजूत चुकीची, पण परिणाम खरा. सातही जणींची पाळी नियमित झाली आणि दोघींना दिवस राहिले.

'वेज रिसेक्शन' नावाने हे ऑपरेशन पुढची दोन-तीन दशकं जगभर झालं. ते का चालायचं? बीजांडकोशातला पुरुषी संप्रेरकं बनवणारा भागच कापून टाकल्यामुळे लूप तात्पुरता मोकळा व्हायचा, हे नंतर समजलेलं उत्तर. पण पोट उघडून बीजांडकोश कापला की जखमेभोवती आतले भाग एकमेकांना चिकटतात. कधी नळीच अडकते. म्हणजे पाळी आली, अंडंही आलं, पण ते गर्भाशयापर्यंत जाणारा रस्ताच आपण बंद केला. पाळी मोजली तर यश, मूल मोजलं तर अपयश. स्टाइनने दिवस राहिल्याची नोंद ठेवली होती हे खरं, पण ऑपरेशन न केलेल्या तशाच बायकांचं काय झालं हे शेजारी मांडलेलं नव्हतं. पीसीओएसमध्ये अधूनमधून आपोआपही अंडं येतं. तुलनेला गट नसेल तर श्रेय ऑपरेशनचं की काळाचं, हे सांगणार कसं? (या ऑपरेशनचा धाकटा भाऊ अजून हयात आहे. १९८४ साली नॉर्वेच्या यॉन्नेस यांनी दुर्बिणीतून बीजांडकोशाला ठिकठिकाणी चटके द्यायची पद्धत मांडली. आपल्याकडे डॉक्टर 'ड्रिलिंग' म्हणतात ते हेच. गोळ्यांनी काम झालं नाही तरच आता त्याचा विचार होतो.)

चाकूला पर्याय आला तो एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून, आणि तोही उलट्या दिशेने. सिनसिनाटीच्या मेरेल कंपनीत फ्रँक पॅलोपोली हा रसायनशास्त्रज्ञ इस्ट्रोजेनसारख्या दिसणाऱ्या रेणूंवर काम करत होता. १९५६ च्या सुमारास तयार झालेल्या त्यातल्या एकाला नंबर मिळाला एमआरएल/४१. उंदरांना दिला तर त्यांना पिल्लं होईनाशी झाली. सगळ्यांना वाटलं, वा, संततिनियमनाची गोळी! मग जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावच्या मेडिकल कॉलेजात रॉबर्ट ग्रीनब्लॅट यांनी पाळी न येणाऱ्या बायकांना ती देऊन पाहिली आणि नेमकं उलटं घडलं. त्यांना अंडी यायला लागली. १९६१ साली हे प्रसिद्ध झालं, १९६७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. हीच ती क्लोमिफीन. घरात कुणाच्या मागच्या पिढीत 'पाच दिवसांच्या गोळ्या' घेऊन मूल झालं असेल तर बहुतेक हीच.

ती काम कशी करते ते ऐकून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. क्लोमिफीन मेंदूतल्या इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या जागा अडवून बसते. सेन्सरवर बोट ठेवलं म्हणा ना. मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन आलंच नाही, म्हणून तो पिट्युटरीला सांगतो, वाढव एफएसएच. वाढलेल्या एफएसएचच्या धक्क्याने एखादं अडकलेलं फॉलिकल पुढे सरकतं. बीजांडकोश दुरुस्त झाला का? नाही. मूळ बिघाड कळला का? तोही नाही. सेन्सरला खोटा आकडा दाखवून यंत्र चालू केलं, बस्स.

(विषयांतर: लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली आणि १९९१ साली बाजारात आलेली 'सहेली' ही गर्भनिरोधक गोळी औषधांच्या याच घराण्यातली. एक बहीण पाळणा हलवायला, दुसरी थांबवायला.)

पण सेन्सरवर ठेवलेलं बोट फक्त मेंदूतल्याच सेन्सरवर राहत नाही. गर्भाशयाच्या अस्तरालाही इस्ट्रोजेन लागतं, आणि क्लोमिफीन तिथेही अडवणूक करते. शरीरातून ती लवकर जातही नाही, तिचा एक भाग कित्येक आठवडे रेंगाळतो. म्हणून काही जणींचं असं होतं की अंडं येतं, पण अस्तर पातळ राहतं. शिवाय एकाऐवजी दोन अंडी येऊन जुळी होण्याची शक्यता. डॉक्टरांच्या फाईलीत मात्र 'ओव्हुलेशन झालं' अशी टिकमार्क पडायची. पाळीनंतरचा हा दुसरा मोजमापाचा टप्पा: अंडं.

जिला क्लोमिफीन लागू पडली नाही तिच्यासाठी सरळ बाहेरून एफएसएच टोचायचा मार्गही याच काळात निघाला. पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीत हे संप्रेरक भरपूर असतं. इटलीच्या सेरोनो कंपनीत पिएरो डोनिनी यांनी ते वेगळं केलं होतं. कच्चा माल कुठून आणायचा, तर मठांतल्या वयस्क जोगिणींकडून! त्यातून बनलेल्या औषधाने ब्रुनो लुनेनफेल्ड यांच्या इस्राएलमधल्या रुग्णाला १९६२ साली मुलगी झाली. पण पीसीओएसवालीच्या बीजांडकोशात वीस फॉलिकल्स दबा धरून बसलेली असतात, त्यांना बाहेरून धक्का दिला की एकदम सगळी उठतात. पोटात पाणी, तिळी, हॉस्पिटल. मात्रा फार जपून द्यावी लागते.

सोनोग्राफी आली आणि वायू भरण्याची गरज संपली. १९८० च्या दशकात लंडनमधल्या डॉक्टरांनी किती फॉलिकल्स दिसली तर 'पॉलिसिस्टिक' म्हणायचं याचे आकडे ठरवले. लगेच त्याच मंडळींनी एक चांगलं काम केलं. कसलीही तक्रार नसलेल्या बायकांची सोनोग्राफी केली, आणि १९८८ साली जाहीर केलं की साधारण पाचातल्या एकीला हीच माळ दिसते. म्हणजे नुसती माळ दिसली की रोग, असं नाही. २००३ साली रॉटरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांनी तीनपैकी दोन गोष्टी हव्यात असं ठरवलं: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचं लक्षण, आणि सोनोग्राफीतली माळ. आजही थोड्याफार फरकाने हेच चालतं. तरी नुसत्या रिपोर्टवर 'पीसीओडी आहे' असं सांगून मुलींना घाबरवणं थांबलेलं नाही.

इथे थोडं माझं. ज्यांना हे नाही त्यांना हे जगणं कसं असतं ते कळावं म्हणून. हनुवटीवरचा एक जाड केस दर आठवड्याला ठरल्या जागी उगवतो, पार्लरवाली विचारते 'ताई, लेझर का नाही करत?' पाळी पंचेचाळीस दिवसांनी येते, कधी सत्तर. मग प्रत्येक उशिराच्या वेळी घरी टेस्ट करायची, एकच रेघ बघायची आणि ती पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून टाकायची. डोहाळजेवणाच्या हळदीकुंकवात कुणीतरी मावशी 'मग, तुमचं काय विशेष?' म्हणते. आणि फॉलिक्युलर स्टडी! ज्यांनी केलाय त्यांना नववा, अकरावा, तेरावा दिवस हे शब्द पुरेसे आहेत. सकाळी आठला नंबर लावायचा, दहाच्या मीटिंगला पोचायचं, आणि नवऱ्याला एसएमएस करायचा: 'उजवीकडे चौदा.' दोन दिवसांनी 'सोळा'. मॅचचा स्कोअर असावा तसा. काही महिने चौदावरच डाव संपतो. वजन कमी करा हा सल्ला सगळे देतात, लिफ्टमनसुद्धा. तो चुकीचा नाही. १९९२ साली लंडनच्या एका अभ्यासात दिसलं होतं की लठ्ठ रुग्णांचं पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तरी पुष्कळजणींच्या पाळीत सुधारणा होते. पण या आजारात वजन उतरवणं इतरांपेक्षा अवघड जातं, आणि सडपातळ बायकांनाही पीसीओएस असतो, हे लिफ्टमनला कोण सांगणार?

तर वजनाचा आणि बीजांडकोशाचा संबंध काय? इथे १९२१ मधल्या दाढीवाल्या बायका परत येतात. १९८० साली मेम्फिसच्या बर्गेन, गिव्हन्स आणि किताबची यांनी दाखवलं की पीसीओएसच्या रुग्णांत इन्सुलिन चढलेलं असतं आणि पुरुषी संप्रेरकं त्याच्याबरोबर चढतात. दशकाच्या शेवटी अँड्रिया डुनाइफ यांनी दाखवलं की हे नुसतं लठ्ठपणामुळे नाही, सडपातळ रुग्णांतही शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. अखेर मूळ कारण सापडल्यासारखं वाटलं. आणि मूळ कारणावर औषध तर तयारच होतं: मधुमेहाची मेटफॉर्मिन. १९९४ साली व्हेनेझुएलातल्या मेरिदा गावच्या डॉक्टरांनी २६ बायकांवर ती वापरली. इन्सुलिन उतरलं, पुरुषी संप्रेरकं उतरली, काहींची पाळी परतली.

पुढच्या दहा-बारा वर्षांत मेटफॉर्मिनची लाटच आली. मला ती लाट अगदी समजते. क्लोमिफीन म्हणजे जुगाड, मेटफॉर्मिन म्हणजे रूट कॉज फिक्स! कुठला इंजिनिअर दुसऱ्याच्या बाजूने मत देणार नाही? शिवाय स्वस्त, जुळ्यांची भीती नाही. मूल हवं असलेल्या हजारो बायकांना ती दिली गेली. त्या मूल होईल म्हणून महिनोन्महिने मळमळ आणि जुलाब सहन करत राहिल्या.

मग २००७ साली अमेरिकेतल्या रिचर्ड लेग्रो आणि सहकाऱ्यांचा निकाल आला. ६२६ बायका, चिठ्ठ्या टाकून तीन गट: फक्त क्लोमिफीन, फक्त मेटफॉर्मिन, दोन्ही. सहा महिन्यांपर्यंत उपचार. आणि मुख्य मोजमाप पाळी नाही, अंडं नाही, इन्सुलिनही नाही, तर जिवंत जन्मलेलं मूल. क्लोमिफीन २२.५ टक्के. मेटफॉर्मिन ७.२ टक्के. दोन्ही मिळून २६.८.

रूट कॉज फिक्स एक-तृतीयांशावर आपटला. पण मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा. दोन्ही औषधं घेणाऱ्या गटात अंडं येण्याचं प्रमाण ६०.४ टक्के होतं, नुसत्या क्लोमिफीनवाल्यांत ४९. हा फरक खणखणीत. तोच फरक मुलांपर्यंत पोचला तेव्हा २६.८ आणि २२.५ झाला, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. हा अभ्यास अंड्यांवर थांबला असता तर 'दोन्ही गोळ्या एकत्र द्या' हा निष्कर्ष ठाम वाटला असता. (मेटफॉर्मिन निरुपयोगी ठरली असं नाही. साखरेचा धोका असलेल्यांना ती आजही देतात, आणि ते योग्यच आहे. मूल होण्यासाठी एकटी पुरत नाही इतकंच.)

आता या गोष्टीतला शेवटचा आणि आपल्या देशाला थेट भिडणारा भाग. लेट्रोझोल.

हे स्तनांच्या कॅन्सरचं औषध, पाळी गेलेल्या बायकांसाठी. अमेरिकेत १९९७ साली आलं. शरीरात इस्ट्रोजेन बनवणारं जे एन्झाइम आहे तेच ते बंद करतं. २००१ साली टोरांटोमध्ये मोहम्मद मितवाली आणि रॉबर्ट कॅस्पर यांनी विचार केला की सेन्सरवर बोट ठेवण्याऐवजी पाच दिवस इस्ट्रोजेनचं उत्पादनच कमी केलं तर? मेंदूला खरोखरच कमी इस्ट्रोजेन दिसेल, एफएसएच वाढेल. लेट्रोझोल काही दिवसांत शरीरातून निघून जातं, अस्तराच्या वाटेत बसत नाही. आणि लूप शाबूत राहिल्यामुळे एक फॉलिकल वाढलं की मेंदू वेळेवर 'बास' म्हणतो, म्हणजे जुळ्यांची शक्यता कमी. क्लोमिफीनने दाद न दिलेल्या मूठभर बायकांवर करून पाहिलं, आणि चाललं. किती साधी, सुंदर कल्पना!

२००५ साली माँट्रियलच्या काही संशोधकांनी एका परिषदेत जाहीर केलं की लेट्रोझोलनंतर झालेल्या १५० बाळांत हृदयाचे आणि हाडांचे दोष जास्त दिसले. मूळ कंपनीने डॉक्टरांना इशारापत्रं पाठवली. पण तुलना कुणाशी? ३६,००० कमी जोखमीच्या बाळंतपणांशी, म्हणजे मुळात ज्यांना मूल होण्यात अडचणच नव्हती अशा बायकांशी. पुढच्या वर्षी कॅनडातल्याच ९११ बाळांचा हिशेब आला. यात लेट्रोझोलची तुलना क्लोमिफीनशी, म्हणजे त्याच अडचणीतल्या बायकांशी होती. दोष लेट्रोझोल गटात २.४ टक्के, क्लोमिफीन गटात ४.८. लेट्रोझोल जास्त धोकादायक असल्याचं त्यात काही दिसलं नाही.

तिकडे हे चालू असताना इकडे भारतात काय? २००३ च्या सुमारास बातमी फुटली की एका औषध कंपनीने वंध्यत्वासाठी लेट्रोझोलचा प्रचार चालवला आहे आणि देशभरातल्या डॉक्टरांनी ४०० हून जास्त बायकांना ते दिलं आहे. औषधाला परवानगी फक्त कॅन्सरसाठी. आपल्यावर प्रयोग होतोय हे त्या बायकांना सांगितलंच नव्हतं. 'मिम्स इंडिया'चे संपादक डॉ. चंद्रा गुलाटी यांनी हा विषय लावून धरला, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मूल हवंय म्हणून दारात आलेली बाई कशालाही हो म्हणते. म्हणून तर तिला आधी नीट विचारायचं असतं. २००७ साली सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोलला रीतसर परवानगी दिली, तीही पुरेशा चाचण्यांशिवाय अशी टीका झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये आरोग्य मंत्रालयाने या वापरावर बंदीच घातली. मे २०१२ मधल्या संसदीय समितीच्या अहवालाने परवानगी देणाऱ्या खात्याची चांगलीच खरडपट्टी काढली.

मग २०१४ साली त्याच लेग्रोंच्या गटाचा पुढचा निकाल आला. ७५० बायका, सगळ्यांना पीसीओएस, पाच चक्रांपर्यंत उपचार, आणि मोजमाप पुन्हा जिवंत मूल. लेट्रोझोल २७.५ टक्के, क्लोमिफीन १९.१. अंडं येण्यातही पुढे, जुळ्यांचं प्रमाणही कमी. बाळांमधल्या दोषांत ठाम फरक नाही. पन्नास वर्षं पहिल्या नंबरावर असलेल्या औषधाला मुलांच्या हिशेबात मागे टाकणारं औषध सापडलं होतं, आणि त्या दिवशी भारतात ते या कामासाठी बेकायदा होतं. बंदी उठली ती २०१७ साली.

मला या बंदीचा राग येतो आणि ती घालणाऱ्यांचं म्हणणंही पटतं. गुन्हा घडला होता तो संमतीचा आणि कागदपत्रांचा. शिक्षा झाली ती रेणूला, आणि रेणूमार्फत तेहतीस-चौतीस वर्षांच्या बायकांना. २०११ साली चौतिशीत असलेली बाई २०१७ साली चाळिशीला टेकली होती. बीजांडकोश कुठल्याही समितीच्या बैठकीसाठी थांबत नाही. बंदीऐवजी त्याच वेळी इथेच, संमती घेऊन, बाळं मोजणारी नीट चाचणी करायला लावली असती तर? रुग्णांची आपल्याकडे काही वाण नव्हती.

२०१८ साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या, ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने. २०२३ साली त्या सुधारल्या गेल्या. दोन्हींत अंडं येत नसलेल्या पीसीओएसच्या रुग्णाला, मूल हवं असेल तर, पहिलं औषध म्हणून लेट्रोझोलच सांगितलंय. तरी अमेरिकेत आजही त्याच्या कागदावर हा उपयोग छापलेला नाही, तिथले डॉक्टर ते स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देतात. आपल्याकडे आता रीतसर मान्यता आहे. पण पाकिटातली घडी उलगडली की अजूनही ठळकपणे कॅन्सरच समोर येतो. तेव्हा डॉक्टरांनी सांगायचं राहून गेलं असेल तर: त्या पाच दिवसांच्या गोळ्या पाहून दचकू नका. हो, हे कॅन्सरचंच औषध आहे. आणि हो, तुमच्यासाठीच लिहून दिलंय.